तीन इंचांचा धनुर्धर : पहिला सैनिक घडवताना आणि रंगवताना

दिवाळीत बिल्डिंगच्या जिन्याखाली किल्ला केला असेल, तर या छंदाची निम्मी ओळख तुम्हाला आधीच आहे. ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या चाळीत किल्ल्यावरच्या मावळ्यांना ‘चित्रं’ म्हणायचे. जांभळी नाक्याहून आणलेल्या त्या चित्रांपैकी एखाद्याचं नाक रंगात बुजलेलं असायचं, तर एखाद्याचा भाला घरी येईपर्यंत पिशवीतच मोडायचा. सातवीत असताना अशाच एका बिनभाल्याच्या मावळ्याच्या मुठीत मी टाचणीनं भोक पाडून खराट्याची काडी खोवली. मोडलेलं जोडता जोडता पुढे अख्खा माणूसच घडवायची हौस लागली.

ज्यांनी अजून पुट्टीचा, म्हणजे दोन भाग एकत्र मळले की कडक होणाऱ्या एपॉक्सीच्या लगद्याचा, गोळा हातात घेतलेला नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. शेवटी तुमच्या टेबलावर ७५ मिलिमीटर उंचीचा, म्हणजे तीन इंचांचा, प्राचीन भारतीय धनुर्धर उभा असावा एवढाच हिशेब. रोज तासभर दिला तर महिना लागतो. तेवढा धीर नसेल तर तयार सैनिक विकत आणून नुसता रंगवा, त्यात कमीपणा काही नाही. मग थेट प्रायमरपासून, म्हणजे रंगाआधीच्या अस्तरापासून, वाचा.

कोणता आणि केवढा

पटावरच्या लढायांचे सैनिक साधारण २८ मिमीचे असतात, शोकेसमधले ५४ किंवा ७५ मिमीचे. लहान म्हणजे सोपं, असं नवख्याला वाटतं. प्रत्यक्षात २८ मिमीच्या चेहऱ्यावर डोळा म्हणजे सुईच्या टोकाचा ठिपका, आणि तिथे हात किंचित हलला की सैनिक चकणा. म्हणून सुरुवात ७५ मिमीनं करा. हे प्रमाण चोविसास एक. १८० सेंटिमीटरचा माणूस बरोबर ७५ मिमीचा होतो आणि बाकी सगळं भागाकारानं निघतं. ग्रीक हॉप्लाइटची, म्हणजे ढाल-भालेवाल्या पायदळ सैनिकाची, ९० सेंमीची ढाल आपल्याकडे साडेसदतीस मिमीची.

बहुतेक जण पहिल्यांदा ग्रीक किंवा रोमन सैनिकच घेतात, कारण चित्रं हवी तेवढी मिळतात. माझं ऐकाल तर रोमन पट्ट्यांचं चिलखत पहिल्या खेपेला नकोच. एकेक पट्टी समांतर बसवताना जीव जातो आणि शेवटी सैनिक सिलिंडर गुंडाळल्यासारखा दिसतो. आपला धनुर्धर बरा. उघडी छाती, धोतर, पागोटं, एक धनुष्य, एक तलवार. शरीर शिकायला मिळतं आणि धातूकामाचा ताप वाचतो.

त्याचं वर्णनही आयतं मिळतं. अलेक्झांडरचा आरमारप्रमुख निआर्कस यानं भारतीय पायदळाबद्दल जे लिहिलं, ते आरियननं इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात आपल्या ‘इंडिका’त घेतलं. धनुष्य वाहणाऱ्या माणसाएवढंच उंच. ते जमिनीला टेकवायचं, डाव्या पायानं दाबून धरायचं आणि दोरी लांब मागे खेचायची. बाण तीन हातांना थोडा कमी. रुंद पात्याची तलवार मात्र निदान तीन हात, आणि जवळून गाठ पडली की ती दोन्ही हातांनी चालवायची. एक हात पंचेचाळीस सेंटिमीटर धरला तर तीन हात म्हणजे आपल्या मापात ५६ मिमी. वहीत लिहून ठेवा : धनुष्य ७५, बाण ५५, तलवार ५६. ढाल नको. ज्यांच्या हातात कच्च्या चामड्याची लांबट ढाल असे, त्यातले काही धनुष्याऐवजी भाले वापरत, असंही तिथेच आहे.

हे धनुष्य इसवी सनपूर्व ३२६ मध्ये झेलमच्या काठी पोरसच्या सैनिकांना दगा देऊन गेलं. कर्टिअस हा रोमन इतिहासकार सांगतो की जमीन निसरडी झाली होती आणि जड धनुष्य टेकवायला पक्की जागाच मिळेना. आपला सैनिक तिथलाच करायचा आहे, म्हणून ही गोष्ट लक्षात असू द्या. बेस, म्हणजे सैनिकाच्या पायाखालची जमीन, करताना लागेल.

कपडे आणि चेहरेपट्टी पाहायला सांचीच्या मोठ्या स्तूपाचं दक्षिण तोरण उत्तम. कुशीनगरच्या वेढ्याच्या पटात धनुर्धर, हत्ती, रथ सगळे आहेत. ते शिल्प आपल्या सैनिकापेक्षा बरंच नंतरचं, पण पागोट्याच्या गाठी आणि धोतराचा सोगा तिथे नीट कळतो. प्रत्यक्ष बघायचं असेल तर मळवली स्टेशनला उतरून भाजे लेणी गाठा, विहारात शस्त्रधारी आकृत्या आहेत. कन्नडजवळ पितळखोऱ्याचे द्वारपाल तर ढालीसकट उभे आहेत. आपल्या ठाणे जिल्ह्याच्या वेशीवरच्या नाणेघाटातही सातवाहन घराण्याची रांग कोरलेली होती. आज तिथे नावं वाचता येतात आणि खाली पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्यात. घोटे बघायला हरकत नाही. टीव्हीवरच्या मालिका मात्र संदर्भाला घेऊ नका. तिथे सगळ्यांच्याच दंडावर वाटीएवढे बाजूबंद असतात.

सामान

मुख्य खर्च पुट्टीचा. परदेशी ग्रीन स्टफ, मॅजिक स्कल्प, मिलिपुट यांची नावं ऐकाल. ती चांगली आहेत, पण पहिल्या सैनिकाला स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी फेव्हिक्रिलची मोल्डइट पुरते. हार्डवेअरवाल्याकडची नळ जोडायची एपॉक्सी सांगाड्याला आणि बेसला चालते. चेहऱ्याला ती नको, काम रंगात येईपर्यंत ती आवळून बसते.

तारेसाठी इलेक्ट्रिकच्या दुकानातून एक चौरस मिमीची वायर दोन मीटर घ्या आणि सोला. आतली तार एकसंध हवी, केसांच्या जुडग्यासारखी नको. नोज प्लायर, कटर, जुनी सुई, टूथपिक, बारीक पॉलिश पेपर. कोरण्या विकत घ्यायच्या आधी ओळखीच्या डेंटिस्टला विचारून बघा. बोथट झालेली हत्यारं त्यांच्या ड्रॉवरमध्ये पडलेली असतात आणि आपल्याला बोथटच हवी असतात. माझी सगळ्यात लाडकी कोरणी म्हणजे पेन्सिलीच्या मागे बसवलेली गोधडी शिवायची सुई, टोक घासून गोल केलेली.

हातमोजे घ्याच. न वाळलेली एपॉक्सी वारंवार त्वचेला लागली तर काहींना कायमची ॲलर्जी होते. वाळल्यावर घासायची तर पॉलिश पेपर ओला करून घासा, म्हणजे धूळ नाकात जात नाही. आणि पोळपाट-लाटणं स्वयंपाकघरातलं वापरायचं नाही. हे मी पुन्हा सांगणार नाही, घरचे सांगतील.

सांगाडा

आधी कागदावर ७५ मिमीची उभी रेघ मारा. डोकं हनुवटीपर्यंत १० मिमी, म्हणजे माणूस साडेसात डोक्यांचा. मांड्यांचा सांधा बरोबर मध्यावर, साडेसदतीसला. गुडघा जमिनीपासून वीस. खांदे अठरा ते वीस मिमी रुंद. हात खाली सोडला तर बोटं मांडीच्या मध्यापर्यंत आणि कोपर कमरेच्या रेषेत. पाऊल अकरा मिमी. नवखा माणूस डोकं आणि पंजे हमखास मोठे करतो आणि पाय तोकडे. ही कागदावरची आकृती सतत शेजारी ठेवली तर निम्म्या चुका टळतात.

तारेचा एक तुकडा दोन्ही पाय आणि पाठकणा होईल असा दुमडून पीळ द्या, दुसरा खांद्याच्या जागी आडवा गुंडाळून हात काढा. पायांच्या तारा तळव्याखाली दोन सेंटिमीटर जास्त सोडा, त्या लाकडी ठोकळ्याला पाडलेल्या भोकात घट्ट बसवायच्या. यापुढे सैनिकाला हात लावायचा नाही, ठोकळाच धरायचा.

आता उभं राहणं. ताठ उभा केलेला सैनिक शाळेच्या कवायतीतला वाटतो. एका पायावर भार आला की त्या बाजूचं कंबरेचं हाड वर जातं आणि त्याच बाजूचा खांदा खाली येतो. आपल्या देवळांतल्या मूर्तींच्या त्रिभंगाचं, म्हणजे तीन ठिकाणी वळलेल्या उभ्या देहाचं, मूळ हेच. आपल्या धनुर्धराचा भार उजव्या पायावर, डावा पाय किंचित उचलून धनुष्याच्या खालच्या टोकाशी. दोरी ताणलेली दाखवू नका, पहिल्या खेपेला ते अवघड जातं. धनुष्य टेकवलंय, बाण उजव्या हातात आहे, नजर समोर, असा क्षण घ्या.

पोज कळायला स्वतः उभं राहून फोटो काढा, पण मागच्या कॅमेऱ्यानं. मी गॅलरीत झाडू धरून सेल्फी काढला होता. फोन तो उलटा दाखवत होता हे डोक्यात आलंच नाही. तीन आठवडे खपून सैनिक तयार केला आणि मग आरियन पुन्हा वाचला. तो ‘डाव्या पायानं’ म्हणतो आणि माझा गडी उजव्या पायानं धनुष्य दाबून उभा. बायको म्हणाली, डावखुरा होता म्हणून सांग.

पुट्टी

दोन्ही भागांचे सारखे गोळे करा, डोळ्यांना अगदी सारखे दिसेपर्यंत. मग रंगाची एकही रेघ उरत नाही तोपर्यंत थांबू नका, मळत राहा. अर्धवट मळलेली पुट्टी आठवडाभरानंतरही बोटाला चिकटते आणि ती खरवडून काढणं हे शिक्षाच. एका वेळी सुपारीएवढीच मळा. मळल्यावर वीस-पंचवीस मिनिटं ठेवून द्या, चिकटपणा कमी होतो आणि ती आकार धरायला लागते. एप्रिल-मेच्या उकाड्यात ती फार लवकर कडक होते, तेव्हा सकाळी लवकर बसा.

पहिल्या दिवशी तारेवर पातळ थर फासायचा, हाडं घातल्यासारखा, इतकंच. उद्या छातीचा पिंजरा आणि कंबर, दोन वेगळ्या अंड्यांसारख्या. परवा स्नायू. प्रत्येक थर रात्रभर वाळू द्या. या छंदात फसलेल्या कामांपैकी बहुतेक एकाच कारणानं फसतात : छाती ओली असताना माणूस दंडाला हात घालतो, अंगठा छातीवर टेकतो आणि तासाभराचं काम सपाट होतं. एका बैठकीत एकच अवयव. जमलं नाही तर तेवढाच काढून टाकता येतो.

कोरणी पाण्यात बुडवून वापरा, नाहीतर पुट्टी तिच्याबरोबर उठून येते. फार पाणीही नको, त्यानं नवा थर जुन्याला धरत नाही.

चेहरा वेगळ्या तारेवर करा, आणि एक नाही, पाच-सहा करा. त्यातला बरा बसवायचा. डोळे डोक्याच्या मध्यावर येतात, कपाळावर नाही. मुलांच्या चित्रांत ते नेहमी वर चढलेले असतात आणि आपलाही हात तीच चूक करतो. आधी अंड्यावर दोन खळगे दाबा. मधे नाकाची लहानशी पाचर चिकटवा, तिच्या कडा गालात मिसळा. खळग्यात खसखशीच्या दाण्याएवढी गोळी म्हणजे डोळ्याचा गोळा, ती वाळल्यावर वर-खाली दोऱ्याएवढ्या बारीक दोन पापण्या. ओठ कोरण्याआधी मिशी-दाढी ठेवायची का ते ठरवा. मी ठेवतो, ओठांची कसरत वाचते. शिवाय रंगवताना दाढीची गंमत पुढे आहेच.

धोतराला सगळ्यात जास्त वेळ द्या. बाजारातले कितीतरी सैनिक चेहऱ्यानं छान असतात आणि धोतर मात्र उभ्या रेघा ओढलेल्या पडद्यासारखं. कापडाची चुणी कुठून तरी सुरू होते. कमरेची गाठ, वाकलेला गुडघा, खोचलेला काष्टा अशा जागांतून ती निघते आणि खाली जाताना पसरते किंवा विरते. हे पाहायला सोमवारी सकाळी कौपीनेश्वराच्या देवळात जा. तिथे एक गुरुजी पायरी चढताना डाव्या हातानं धोतर किंचित उचलतात. तेवढ्या उचलण्यानं मांडीवर तीन चुण्या तिरक्या येतात, गुडघ्यापाशी कापड ताणून गुळगुळीत होतं आणि पोटरीमागे एक मोठी झोळ पडते. मी तीन सोमवार नुसती ती झोळ पाहिली. पुट्टीचा कागदाएवढा पातळ पापड दोन प्लॅस्टिकमध्ये लाटून, त्याला पावडर लावून, अर्धवट वाळल्यावर कमरेभोवती गुंडाळला तर चुण्या आपोआप पडतात. मग कोरणीनं फक्त खोली वाढवायची. आपल्या सैनिकाचं वस्त्र पोटरीच्या मध्यापर्यंत आहे, असं निआर्कसच सांगतो. दुसरं कापड खांद्यावरून घेऊन डोक्याला गुंडाळलेलं.

पागोटं म्हणजे पिळलेल्या वळ्या, त्याला फार अक्कल लागत नाही.

धनुष्याला उदबत्तीची काडी घ्या. बांबूचं धनुष्य बांबूचंच करायला मिळतं. मसाला भिजवून काढा, काडी उभी चिरून निम्मी करा, चहाच्या भांड्याच्या वाफेवर धरून हळूहळू वाकवा आणि दोरा बांधून रात्रभर ठेवा. दोरीला नायलॉनचा बारीक धागा. तलवार चपटवलेल्या तारेची. हातोडीनं ठोकून, घासून पातं रुंद करा.

प्रायमर

सैनिक भांड्यांच्या साबणानं मऊ ब्रशनं धुऊन पूर्ण वाळवा. बोटांचं तेल राहिलं की रंग तिथेच सुटतो.

आता हवामान. ठाण्यात जुलै-ऑगस्टमध्ये स्प्रे प्रायमर मारू नका. हवेत इतका ओलावा असतो की पृष्ठभागावर पांढरट, खरखरीत साय धरते. माझा एक सैनिक पीठ चाळलेल्या भाकरीसारखा झाला होता. पावसाळ्यात ब्रशनं लावायचा ॲक्रिलिक प्रायमर वापरा. ऑक्टोबरनंतर स्प्रे चालतो. गच्चीत जाऊन, मास्क लावून, वीस-पंचवीस सेंटिमीटरवरून, झटपट हलके फटके. आधी सगळा काळा, वाळल्यावर फक्त वरून पांढरा. उजेड वरून पडल्यासारखी सावली तयार होते आणि पुढे रंगवताना खड्डे कुठे, उंचवटे कुठे, हे पुन्हा शोधावं लागत नाही.

रंग

व्हॅलेहो, सिटाडेल हे मिनिएचरचे खास रंग महाग पडतात. आठ-दहा साध्या ॲक्रिलिक ट्यूबवर काम होतं : पांढरा, काळा, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, अल्ट्रामरीन, एक लाल, एक चंदेरी. ते दाट असतात, त्यांना पाणी हवं. सायीच्या दुधाइतके पातळ करा आणि एका जाड थराऐवजी तीन पातळ थर द्या. ब्रश एक नंबरचा, कोलिन्स्की, म्हणजे खास प्राण्याच्या केसांचा, असेल तर फारच छान. तीन शून्यांचा ब्रश घेऊ नका. टोक चांगलं असलं की मोठ्या ब्रशनंही डोळा काढता येतो. लहान ब्रशवरचा रंग चेहऱ्यापर्यंत पोचायच्या आधीच वाळतो. टोक करायला ब्रश तोंडात घालायची सवय असेल तर ती आत्ताच सोडा.

रंग वाळू नये म्हणून ओली पॅलेट घरीच करा. मिठाईच्या चपट्या डब्यात ओलं स्पंजचं कापड, त्यावर बटर पेपर. झाकण लावलं की दुसऱ्या दिवशीही रंग ओलाच असतो.

आतून बाहेर रंगवा. आधी त्वचा, मग धोतर, मग पट्टा, शेवटी शस्त्रं. ‘स्किन’ लिहिलेली तयार बाटली आपल्या माणसाला चालत नाही, सैनिक उन्हात भाजलेला युरोपियन दिसतो. बर्न्ट सिएनात यलो ऑकर आणि कणभर अल्ट्रामरीन मिसळा. सावलीला काळा नको. अंबरमध्ये थोडा निळा किंवा जांभळट रंग घाला. उजळ भागासाठी ऑकर आणि थेंबभर पांढरा, पण तो फक्त नाकाचा शेंडा, गालाची हाडं, खांदे, गुडघे एवढ्यापुरता. डोळ्यात शुभ्र पांढरा भरला की सैनिक दचकलेला दिसतो. फिकट राखाडी-गुलाबी भरा आणि काळं बुबुळ वरच्या पापणीला चिकटलेलं काढा.

धोतर सुती, म्हणून मळकट हस्तिदंती. चुण्यांत पातळ केलेला अंबर सोडा आणि कडा पुन्हा उजळा. काठाला मंजिष्ठेचा लाल किंवा निळीचा निळा शोभेल; मंजिष्ठेत रंगवलेलं सुती कापड तर मोहेंजोदडोत सापडलंय.

आता दाढी. निआर्कस म्हणतो, भारतीय लोक दाढ्या रंगवतात : कुणी पांढऱ्याशुभ्र, कुणी गडद निळ्या, कुणी लाल, जांभळ्या, आणि कुणी चक्क हिरव्या. मी एक हिरव्या दाढीचा केला. घरी आलेला प्रत्येक जण हाच एक चुकीचा रंगवलाय म्हणतो, आणि मला हीच गोष्ट पुन्हा सांगायला मिळते. हिरव्याला जरा ऑकर मारून मंद करा, नाहीतर पोपट होतो.

पात्याला आधी काळा, मग चंदेरी फक्त धारेला आणि मध्यशिरेला.

बेस

लाकडी गोल ठोकळ्यावर कुंडीतली माती चाळून, तव्यावर कोरडी करून, पाणी घातलेल्या फेव्हिकॉलनं चिकटवा. येऊरच्या जंगलातून आणू नका. ती राष्ट्रीय उद्यानाची आहे आणि कुंडीतलीही तितकीच तांबडी असते. नारळाच्या काथ्याचे तुकडे म्हणजे वाळकं गवत. गाळून वाळवलेली चहाची पत्ती म्हणजे पालापाचोळा, हिला तोड नाही. फक्त साखर घालायच्या आधीची घ्या, नाहीतर मुंग्या येतात.

सैनिक बसवताना धनुष्याचं टोक मातीत मिलिमीटरभर रुतवा आणि बाजूला घसरल्याची एक छोटी चर ओढा. दोन दिवस वाळल्यावर सगळ्यावर मॅट वार्निशचा पातळ हात द्या. तो वाळला की ग्लॉस वार्निशमध्ये कणभर अंबर कालवून त्या चरीत सोडा, आणि एक थेंब त्याच्या डाव्या तळव्याच्या कडेला.